वाळणं आणि वाळीत

कोल्हापुरात माणूस आधी बारीक होतो, मग वाळतो आणि शेवटी खंगतो. वजन तिन्ही वेळा कमीच झालेलं असतं. बदलतो तो बोलणाऱ्याचा अंदाज. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, वर्षभराच्या आत, ही तिन्ही क्रियापदं माझ्याबद्दल वापरली गेली. मी तेव्हा एका दैनिकात तालुक्यांच्या बातम्यांचं पान बघत होतो. बातमीदारांनी पाठवलेल्या मजकुरातली क्रियापदं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम होतं. तरीही लोक पहिल्या शब्दावरून तिसऱ्यावर कधी गेले, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

वजन कमी करायला कारण वडील झाले. ते रस्ते खात्यात हजेरी कारकून होते आणि साखरेच्या आजारानं गेले. पायाला साधी जखम झाली, ती भरली नाही. आधी अंगठा काढला, मग घोट्यापर्यंत पाय. त्यांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मला कार्यालयाचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागू लागलं. एका डॉक्टरांकडे गेलो. रक्तातली साखर काठावर आली होती. गोळ्या आजच लिहून देता येतील, पण सहा महिने वाट पाहायला हरकत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तुमचे आजोबा काय खायचे?”

“मिळेल ते,” मी म्हणालो.

“काय मिळायचं?”

मी सांगितलं. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ताकातली आंबील, वरीचा भात, पावसाळ्यात रानातल्या भाज्या, सणाला मटण.

“तेच खा,” डॉक्टर म्हणाले. “पोटभर खा, पण तेच. आणि दिवस मावळताना जेवून घ्या.”

सल्ला योग्य होता. आमच्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे डॉक्टरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं. छप्पन्न सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, पण गावातल्या चहाच्या हॉटेलात आजोबांचा कप त्यानंतरही बरीच वर्षं बाहेर खिळ्यालाच राहिला. वडिलांनी ते लहानपणी पाहिलं होतं. नोकरी लागल्यावर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या आणि शेवटपर्यंत पाळल्या. गावच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, आणि घरात नाचणी आणायची नाही. काळी भाकरी ही त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याची खूण होती. आमच्याकडे गव्हाची चपाती, पांढरा भात आणि भरपूर साखरेचा चहा असे. वडील त्याला चार माणसांसारखं खाणं म्हणत.

वडील गेल्यावर आई गावी माझ्या भावाकडे राहायला गेली होती. रविवारी रत्नागिरी रोडच्या गाडीनं मी गावी गेलो आणि नाचणीचं पीठ मागितलं. आई पिठाचा डबा उघडता उघडता थांबली. “तुझ्या बानं ज्या खाण्यापास्नं तुला लांब नेलं, त्येच हुडकत आलास व्हय?” ती म्हणाली. डॉक्टरनं सांगितलंय, असं मी म्हणालो. डॉक्टरनं आधी सांगितलं असतं तर तुझा बा वाचला असता का, असं तिनं विचारलं. मी पिशवी पुढं केली. तिनं पीठ दिलं. पुढच्या खेपेपासून ती नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून माझ्यासाठी वेगळी दळून ठेवू लागली. स्वतः मात्र तिनं ती कधी खाल्ली नाही.

कोल्हापुरात मी खोली घेऊन एकटा राहत होतो. लग्न जमलं नव्हतं, आणि त्यासाठी खटपट करणारे वडील आता नव्हते. सकाळची आंबील मी खोलीवर स्टोव्हवर करू लागलो. दुपारी कार्यालयात फुटाणे, शेंगा, एखादं फळ. संध्याकाळचं जेवण स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या खानावळीत. ती एक विधवा बाई चालवत असे. तिला सगळे काकी म्हणत. दोन लांब टेबलं, चार बाकं, महिन्याचे मेंबर. तालुक्याचं पान लवकर सुटत असे, त्यामुळे दिवेलागणीला मी तिथं पोचायचो. दिवसभरात बातमी सोडून दुसरं काही माझ्याशी बोललं जायचं ते तिथंच. भिंतीकडच्या बाकावर माझी जागा ठरलेली होती. दुसऱ्या कुणी तिथं बसलं तर काकी उठवायची. शहरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

माझ्या शेजारी उद्यमनगरातल्या एका कारखान्यातला फिटर बसायचा. घर होतं, बायको-मुलं होती, पण ती गावी असायची. तरुणपणी तो तालमीत होता, आणि माणसाची किंमत तो अजूनही मानेच्या जाडीवरून करायचा. मला तो संपादक म्हणायचा. मी संपादक नाही हे सांगून मी थकलो होतो.

नव्या खाण्याच्या पहिल्या दिवशी मी भात नको, रस्सा एकच वाटी, त्याऐवजी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, उसळ, पालेभाजी, कांदा आणि ताक एवढंच वाढा असं सांगितलं तेव्हा काकीनं पळी पातेल्यावर आपटली.

“माझ्या रश्शात काय ईख हाय का, पत्रकार?”

“वजन कमी करायचंय, काकी.”

“कशापाय? लगीन ठरलंय काय?”

फिटर म्हणाला, “न्हाई ओ काकी, पेपरची पानं कमी झाली. मालकानं सांगितलं असंल, तुमी बी कमी व्हा.”

सगळे हसले. मीही हसलो. काकीनं दोन भाकऱ्या वाढल्या, तिसरी घेऊन उभी राहिली आणि ती वाढूनच गेली. हे पुढं बरेच महिने चाललं. कोल्हापुरात वाढप्याला नको म्हणणं हा जेवणाचाच भाग आहे, नकार नव्हे. नको म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं हाताच्या फटीतून वाढायचं. माझा नकार खरा होता. तो खरा आहे हे पटवायला मला तिथं सर्वांत जास्त कष्ट पडले.

उपास केले नाहीत. कसलं चूर्ण घेतलं नाही. भूक लागली की खायचं, पण ठरलेलंच. जेवताना वर्तमानपत्र वाचायचं नाही. चहातली साखर आधी अर्धी, मग बंद. कार्यालयात चालत जायचं. रविवारचं मटण सोडलं नाही, फक्त फोडी खाल्ल्या आणि रश्श्यावरचा तेलाचा कट सोडला. दुपार कलल्यावर चहावाला भजी घेऊन यायचा, तेवढा वेळ अवघड जाई. त्या वेळी मी गच्चीवर जाऊन उभा राहायचो. पहिल्या दोन महिन्यांत काही फरक दिसला नाही. तिसऱ्यापासून विजारी सैल झाल्या. शिंप्यानं त्या एकदा आत घेतल्या, पुन्हा घेतल्या, आणि मग नवं कापड आणा म्हणाला. जिना मी न थांबता चढू लागलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळ्यांचा विषय काढला नाही.

सुरुवातीला सगळे म्हणाले, बारीक झालास. त्यात कौतुक होतं. पावसाळा संपता संपता म्हणू लागले, वाळलास. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. कोल्हापुरात बोलणं रोखठोकच असतं.

त्यानंतर काकीचा आग्रह थांबला. मी दोन भाकऱ्या म्हटलं की दोनच यायच्या. तिसरी घेऊन कुणी उभं राहायचं नाही. मला वाटलं, अखेर तिला पटलं. मी ते यश धरून चाललो, आणि काही दिवस मला बरंही वाटलं.

मग फिटरनं जागा बदलली. पंख्याखाली बसतो म्हणाला. थंडीचे दिवस होते. त्याच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. समोरचा बाकही हळूहळू मोकळा राहू लागला. मी आलो की लोकांचं जेवण आटपत आलेलं असायचं, किंवा ते दुसऱ्या टेबलाला दाटीनं बसलेले असायचे. बोलणं बंद झालं नाही. फक्त माझ्या टेबलाकडे ते येईना. कोण काय म्हणालं हे मला ऐकू यायचं, पण ते मला उद्देशून नसायचं.

ताटाची गोष्ट मला सर्वांत शेवटी कळली. खानावळीची ताटं स्टीलची, सारखीच, दाराशी ढीग लावलेली असत. ज्यानं त्यानं ढिगातलं वरचं ताट उचलायचं. काकी आता माझं ताट आतून वाढूनच आणू लागली. त्या ताटाच्या काठाला एक चेप होता. तोच चेप दुसऱ्या दिवशी दिसला, तिसऱ्या दिवशीही दिसला. पाण्याचा पेलाही तोच येऊ लागला. जेवण झाल्यावर ताट मोरीतल्या इतर ताटांत न टाकता भांडी घासणारी मुलगी ते उचलून मागच्या दारी नेत असे.

त्याचा अर्थ मला लगेच कळला, असं मला वाटलं. आमच्या घरात तो अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही. कुणाला कळलं असेल, कसं कळलं असेल, याचा मी विचार केला. फिटर एकदा छत्री परत द्यायला खोलीवर आला होता. भिंतीवर धम्मचक्राचं कॅलेंडर होतं. त्यानं ते पाहिलं असणार. पुरावा एवढाच होता, आणि एवढ्यावर मी कुणाची बातमी छापली नसती. तरी मी ती स्वतःपुरती खरी धरली. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आल्यावर त्या बाकावर बसता आलं नसतं. मी त्या ताटात जेवत राहिलो. जेवण नेहमीसारखंच चांगलं होतं.

पुढच्या रविवारी गावी गेलो. आईनं मला दारातच पाहिलं आणि म्हणाली, “खंगलास की रं.” तिसरं क्रियापद मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. डॉक्टर खूश आहेत, असं मी सांगितलं. तब्येतीचं बोलणं झालं, भाताच्या मळणीचं झालं, आणि मग मी ताटाचं सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं.

आई चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं.

“ताट येगळं केलं, आनि तू त्यात जेवलास?”

“जेवलो.”

“एकदाच?”

“रोज.”

“तुझा बा ताटावरनं उठला असता,” ती म्हणाली. “इचार त्या बाईला. तोंडावर इचार. पेपरापायी सगळ्या जगाला इचारत हिंडतोस की.”

सोमवारी मी दुपारीच खानावळीत गेलो. मेंबर नव्हते. काकी टेबलाशी बसून लसूण सोलत होती. मी उभ्यानंच विचारलं, माझं ताट वेगळं का आहे. ती नाकारेल असं मी गृहीत धरलं होतं. तिनं नाकारलं नाही. ती लसूण सोलत राहिली. मग मी जे ठरवून आलो होतो ते बोललो: आम्ही बौद्ध आहोत म्हणून हे असेल तर तसं सरळ सांगा, मी दुसरीकडे बघतो.

काकीनं मान वर केली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

“जातीचं न्हवं ओ, पत्रकार. तुमी कोन ते मला पैल्या दिवशीच ठावं हाय. आडनाव सांगितलंसा की तुमी. तसलं करायचं असतं तर तवाच केलं असतं.”

“मग?”

“आता ते बी माझ्याच तोंडानं वदवून घेनार?” तिनं लसणाची टोपली बाजूला सारली. “आरशात बगता का न्हाई? केवडं दांडगं मानूस हुता. निम्मं राहिलासा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या वर्षांत हायवेवरच्या गावांतून एका रोगाच्या बातम्या येत होत्या. कागलकडचा बातमीदार पाठवायचा, आणखीही पाठवायचे. गावात त्याचं नाव कुणी घेत नसे. तसला रोग, असं म्हणत. ट्रकवर जाणारे, परगावी एकटे राहणारे, बिनलग्नाचे पुरुष यांच्याबद्दल ते बोललं जायचं. आरोग्य खात्याचं एड्सच्या लक्षणांचं पत्रक सगळ्याच वर्तमानपत्रांनी छापलं होतं. वजन झपाट्यानं घटणं, असं त्यात वरच लिहिलं होतं. खानावळीत आमचाच पेपर यायचा. एकटा राहणारा, बिनलग्नाचा, रोज थोडा थोडा कमी होत जाणारा माणूस त्यांच्यासमोर रोज बसत होता. बातमी म्हणून तपासलं तर त्यांचा संशय माझ्या कॅलेंडरच्या तर्कापेक्षा जास्त पक्का होता.

मी काकीला डॉक्टरांचं सांगितलं. वडिलांच्या साखरेचं सांगितलं. भाकरी आणि ताक खाऊन वजन कमी केलंय म्हणालो.

“भाकरी आमी बी खातो,” ती म्हणाली. “आमी वाळलो का?”

जाणूनबुजून कमी खाणं ही गोष्ट त्या गल्लीत अजून पोचली नव्हती. पोट भरलेलं नसतानाही ताटावर हात धरणारा माणूस आजारीच असणार, हा तिचा हिशेब होता आणि तिच्या आयुष्यातल्या अनुभवाशी तो जुळत होता.

मग ती उठून माझ्याजवळ आली. आवाज खाली आणला.

“एकदा म्हना की, तसलं मला काय न्हाय. शपथ बी नगं. तुमी म्हटलं की झालं. ह्या मिनिटाला तुमचं ताट त्या ढिगात घालते, आनि कोन काय म्हनतोय ते मी बगते.”

ती खरं बोलत होती. तिनं तसं केलंच असतं. वाक्य चार शब्दांचं होतं आणि खरं होतं. ते बोललो असतो तर संध्याकाळी माझी जागा मला परत मिळाली असती. फिटर पंख्याखालून परत आला असता, दोन दिवस माझी थट्टा झाली असती, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं. माझी तीच इच्छा होती.

पण ते वाक्य तोंडातून येईना. ते बोलणं म्हणजे ताट वेगळं करायला माझी हरकत नाही, फक्त ते चुकीच्या माणसापुढं आलं, एवढंच म्हणणं झालं असतं. उद्या तसा कुणी खरोखरचा आला असता तर ते चेपलेलं ताट त्याच्यापुढं गेलं असतं, माझ्या संमतीनं. आजोबांकडे असं कुठलंच वाक्य नव्हतं, जे बोलून त्यांचा कप आत आला असता. माझ्याकडे ते होतं, हाच माझ्यात आणि त्यांच्यात फरक होता. यातलं किती मी तेव्हा विचार करून ठरवलं आणि किती नुसत्या हट्टानं गप्प राहिलो, हे आता नक्की सांगता येणार नाही.

मी विचारलं, “आणि असता तर, काकी?”

तिनं प्रश्न टाळला नाही. जरा विचार करून म्हणाली, “असता तर काय. येगळ्या ताटात वाढलं असतं. उपाशी धाडलं नसतं. ही सगळी म्हनत हुती, त्येला काढा. मी म्हटलं, न्हाई, ताट येगळं करते पर जेवू दे त्येला. माझं पोट ह्यांच्यावर हाय, पत्रकार.”

तिनं इतरांशी भांडून मला दारात ठेवलं होतं. तेही खरं होतं, आणि मी ते मानलं. उद्यापासून येत नाही, असं मी सांगितलं. तिनं रागावून काही म्हटलं नाही. महिना भरलेला नाही, पैसे उरतात, एवढंच म्हणाली. मी राहू दे म्हणालो आणि बाहेर पडलो.

वाळणं आणि वाळीत टाकणं हे शब्द एकाच मुळातून आले आहेत का, हे मला माहीत नाही. कार्यालयातल्या कोशात बघता आलं असतं. बघितलं नाही.

त्यानंतर मी संध्याकाळचं खोलीवरच करू लागलो. भाकरी थापायला शिकलो. पहिल्या काही तव्यावर जाईपर्यंतच मोडत. मोड आलेली मटकी, मेथी किंवा तांदळी, ताक, खर्डा. अंगणात उजेड असतानाच जेवण व्हायचं. आहार म्हणून त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला सांगितलं की साखर आता काठापासून चांगली मागं आहे, वजनही जिथं थांबायला हवं तिथं थांबलंय. काही अडचण आली का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो.

अडचण होती ती वेळेची. खानावळीत जेवायला तासभर जायचा. खोलीत पानावर बसून उठेपर्यंत फार वेळ लागत नसे. घास जास्त वेळ चावावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी चावायचो. शेजारच्या खोलीत कुटुंब होतं. त्यांच्या भांड्यांचा आवाज भिंतीतून यायचा आणि कोण काय मागतंय ते कळायचं. माझ्या बाजूनं त्यांना फक्त स्टोव्ह ऐकू येत असणार. संध्याकाळी करायला काही उरत नसल्यानं मी जेवून पुन्हा कार्यालयात जाऊ लागलो, कामाचे तास वाढवून घेतले. कार्यालयात ते मेहनत म्हणून गणलं गेलं.

आईला मी खानावळ सोडली एवढंच सांगितलं. कारण काय निघालं, ते सांगितलं नाही. जातीवरून झालं असं ती शेवटपर्यंत समजत राहिली, आणि मी उठलो याचं तिला समाधान होतं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हा फिटर मला पुन्हा भेटला. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहत होतो. नाचणी दळायला गिरणीत गेलो होतो. नाचणी सगळ्यात शेवटी, ज्वारीच्या मागून दळतात, म्हणून थांबावं लागतं. माझ्या पुढं एक म्हातारा होत चाललेला माणूस डबा घेऊन उभा होता. पट्ट्याच्या आवाजात त्यानं मोठ्यानं विचारलं, “पावणं, तुमची बी नाचनीच काय?” मी हो म्हणालो. त्यानं मला नीट पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

“संपादक? तुमी अजून हायसा व्हय?”

कोल्हापुरात हे असंच विचारतात. मी आहे म्हणालो. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि गिरणी थांबली. पिठाचे हात झटकून गिरणीवाला पायरीवर जाऊन बसला. आम्ही दोघं डब्यांवर बसलो. गिरणी बंद झाल्यावर त्याचा आवाज एकदम लहान वाटला.

त्याला साखर निघाली होती. कारखाना बंद पडल्यावर तो घरच्यांना घेऊन शहरातच राहत होता. काकी गेली, खानावळीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, ही माहिती त्यानं दिली.

“त्या टायमाला तुमाला काय झालतं?” त्यानं विचारलं.

“साखर. तुम्हाला आता झालीय तीच. भाकरी खाऊन कमी केली.”

इतक्या वर्षांनी ते वाक्य वेगळ्या शब्दांत निघालं, आणि त्याला आता काही अर्थ उरला नव्हता. पणाला लावायला त्यात काही नव्हतं.

त्यानं मान हलवली. “मग तवाच सांगायचं की.”

“तुम्ही तरी कुठं विचारलंत?”

“मी कसा इचारनार?” तो म्हणाला. गिरणीवाल्याकडे त्यानं एकदा पाहिलं. “माझा धाकटा भाऊ ट्रकवर हुता. त्या वर्षी गावाकडं त्येला तसलंच झालतं. कुनाला बोललो न्हाई. पार तुमच्यासारखाच वाळत चाललता. दर शनिवारी जाऊन त्येला बगायचो, आनि सोमवारी हितं तुमी शेजारी. घास खाली उतरायचा न्हाई. म्हनून उठलो तितनं. ताटाचं मी न्हाई सांगितलं. बाकीच्यांनी सांगितलं. मी फकस्त जागा बदलली.”

भावाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. ते त्याच्या बोलण्यातच होतं. एका बाकावर आम्ही दोघं महिनोन्‌महिने शेजारी बसलो होतो, आणि दोघांकडेही न बोललेलं एक एक वाक्य होतं. त्याचं वाक्य माझ्यापेक्षा जड होतं.

तो आता त्याच्या जेवणाबद्दल सांगू लागला. डॉक्टरनं नाचणी, पालेभाजी, ताक सांगितलंय. सून करून घालते, चांगली आहे. पण त्याचं वेगळं शिजतं, दिवस मावळायच्या आत, आणि बाकीचे नंतर टीव्हीपुढं बसून आपलं जेवतात. “एकट्याचंच पान वाढून ठेवत्यात,” तो म्हणाला. “औषिदासारखं खातो आनि उठतो. तुमी कसं निभावलंसा इतकी वर्सं?”

मी निभावलं नव्हतं, सवय झाली होती. ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

“तुमचं वेगळं करू नका म्हणावं,” मी म्हणालो. “घरात सगळ्यांनाच भाकरी करायला सांगा. भाजी एक, आमटी एक. त्यांना भात हवा तर त्यांनी वरून घ्यावा. पण बसायचं एकदम. हा काही आजाऱ्याचा डबा नव्हे, साधं जेवण आहे. सगळ्यांना चालतं.”

“पोरं ऐकतील व्हय?”

“सुनेला सांगा. डॉक्टरनं सांगितलंय म्हणावं.”

“डॉक्टरनं हे सांगितलं न्हाई.”

“मग मी सांगितलं म्हणावं.”

तो हसला. संपादकानं सांगितलं म्हणतो, असं म्हणाला. वीज आली आणि पट्टा फिरू लागला. गिरणीवाल्यानं आधी त्याचा डबा घेतला. काळसर, करडं पीठ खाली पडू लागलं. फिटरनं चिमूट घेऊन ते बोटांत चोळून पाहिलं आणि आवाजावर आवाज काढून गिरणीवाल्याला म्हणाला, जरा बारीक काड, घरात आता सगळ्यास्नी खायचंय.